पाहुणेमामांचे मुकुंदराव

माझी आई ड्रम धुवायची. बोईसरजवळ कुंभवलीच्या मागे कारखान्यांतून रिकामे झालेले निळे ड्रम यायचे. ते धुऊन, उन्हात उलटे घालून परत विकले जायचे. आत काय होतं हे ड्रमवर लिहिलेलं असे, पण ते वाचणारं त्या बायकांत कोणी नव्हतं. हाताला भाजलं की ऍसिड आणि बुळबुळीत लागलं की कॉस्टिक, एवढं त्यांना समजायचं. पुढे आधार कार्ड काढताना आईचा अंगठा मशीन घेईना. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, अंगठा नीट ठेवा." आई म्हणाली, "नीटच हाय. ठसा ड्रममध्ये गेला."

वडील वैतरणेच्या खाडीत रेती काढायला बुडी मारायचे. डोंगरावर आमचा एक तुकडा होता. त्यावर भात व्हायचा, पण वर्ष निघायचं नाही. म्हणून खाडी. बुड्या मारून मारून वडिलांचे कान गेले. त्यामुळे आमच्या घरात सगळं बोलणं ओरडून व्हायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी अख्ख्या चाळीला कळे. आमच्या घराला गुपित परवडलंच नाही.

या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत घाडगेमामा राहत. त्यांच्याबद्दल पहिली गोष्ट सांगायची तर ही, की त्यांनी कोणाच्याही घरी चहा कधी संपवला नाही. नको म्हणायचे नाहीत. कप हातात घ्यायचे, बशी खाली नीट धरायचे, बोलायचे. चहावर साय धरली की कप हळूच खाली ठेवायचे आणि उठायचे. "येतो." दारातून जाताना मागे वळून बघायचे नाहीत. चाळीतल्या बायका वैतागायच्या. साखर काय फुकट येते? एकीने त्यांना मुद्दाम अर्धा कप द्यायला सुरुवात केली. मामांनी अर्ध्यातला अर्धा ठेवला.

हा चहा मामांचा नव्हता, मुकुंदरावांचा होता.

मुकुंदराव म्हणजे दूरदर्शनवरचे जुने नट. नाव घेतलं की लोक म्हणायचे, "हां हां, ते... कशात होते बरं?" कशातच नव्हते. मुकुंदराव कधी कुठल्या मालिकेचे नायक झाले नाहीत. कुठल्याही मालिकेत एका भागापुरते यायचे. कधी निवृत्त न्यायाधीश, कधी परगावचा काका, कधी डॉक्टर, एकदा रेल्वेचा गार्ड. यायचे, चपला दाराशी सरळ लावायचे, चहाचा कप हातात घ्यायचे, काहीतरी असं बोलायचे की घरातल्यांची झोप उडावी, आणि चहा तसाच ठेवून निघून जायचे. पुढच्या भागात त्यांचं नावही कोणी घेत नसे.

मामा या माणसाचे भक्त होते. ते साताऱ्याकडचे. कारखान्यात लागू म्हणून आले आणि तारापूरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या क्लबात झाडू मारायला लागले. "नायकाला काय," मामा म्हणायचे, "त्याला रोजच यायचं हाय. आज चुकला तर उद्या सुधारंल. पाव्हण्याला एकदाच यायचं आन सांगून जायचं. त्याला चुकायला सवड न्हाई." यावरून चाळीने त्यांचं नाव पाहुणेमामा ठेवलं. त्यांनाही ते आवडलं असावं. घाडगे म्हणून हाक मारली की ते उशिरा वळायचे.

चाळीत टीव्ही एकट्या मामांकडे होता. ज्या दिवशी मुकुंदराव येणार, त्या दिवशी मामा टीव्हीसमोर पाण्याचा तांब्या भरून ठेवत. वर फुलपात्र. बायकांना म्हणत, "पदर नीट घ्या, बाहेरचा माणूस येतोय." आम्ही मुलं हसायचो. माझे वडील मात्र मुकुंदराव पडद्यावर दिसले की बसल्या जागी मान लववायचे. त्यांना ऐकू काही येत नव्हतं. समोरच्याने चपला सरळ लावल्या, एवढ्यावरूनच त्यांनी त्याला चांगल्या घरचा ठरवला होता.

आता लाइटचं सांगायला हवं. वीज आमच्या शेजारी तारापुरात तयार व्हायची, पण आमच्याकडे यायला तिला सवड नसे. मुकुंदराव कप उचलायचे आणि लाइट जायची. गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की होती. तिची घरघर थांबली की समजायचं, मुकुंदराव आज अर्धेच राहिले.

मग सगळे मामांकडे तोंड करून बसायचे. कारण असं होतं, की संध्याकाळी लागलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवत. चाळ बघायची ती दुपारी, मामा घरी असताना. मामांनी तो आदल्या संध्याकाळीच कॉलनीच्या क्लबात, खुर्च्या लावता लावता बघितलेला असे. कॉलनीत लाइट जात नसे. तेव्हा अंधारात मामा राहिलेला भाग सांगायचे. मुकुंदरावांच्या आवाजात. कप नसला तरी हात कप धरल्यासारखे. मी सांगते, लाइट परत आली तर आम्हाला राग यायचा.

आता माझ्याकडे येते. मी बारावी सायन्सला पास झाले. फर्स्ट क्लास नव्हता, पण आमच्या डोंगरावरच्या पाड्यात बारावीचा निकाल बघायला जाणारीही मीच पहिली. निकाल लागला आणि त्याच महिन्यात वाणगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा कारखान्यात कायम होता. कायम या शब्दापुढे आमच्याकडे शिक्षण, स्वभाव, सगळं फिकं पडतं. वडिलांनी होकार दिला. पाहुणे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी येणार होते. पालघरच्या कॉलेजात फॉर्म भरायचा शेवटचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी होता. मी दोन दिवस जेवले नाही. वडिलांना ते समजलं नाही, कारण न जेवण्याचा आवाज होत नाही. आई ड्रमवरून आली की हाताला खोबरेल लावून बसायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

त्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मुकुंदराव येणार होते. आईने पाहुण्यांच्या भाकरीसाठी तांदळाचा डबा चक्कीवर ठेवला आणि ती येऊन मामांच्या दारात बसली. मी येत नव्हते. मामांनी मला हाक मारून आणलं. तांब्या भरलेला होता.

त्या भागात मुकुंदराव प्रोफेसर होते. एका हुशार, गरीब मुलीच्या घरी येतात. ती कॉलेजात का आली नाही, हे विचारायला. चपला सरळ लावल्या. मुलीच्या आईने चहा दिला. मुलीचा बाप म्हणाला, "साहेब, पोरीचं लग्न ठरलंय." प्रोफेसरांनी कप उचलला. माझी आई पुढे सरकली.

आणि लाइट गेली.

कोणीतरी कपाळावर हात मारला. अंधार कसला, दुपार होती, पण पडदा काळा झाला म्हणजे अंधारच. मामा टीव्हीच्या बाजूने पुढे आले, जमिनीवर बसले आणि हातात नसलेला कप धरला. नेहमीपेक्षा वेळ लावला. मग म्हणाले, "प्रोफेसर म्हणाले, लग्नाची तारीख पुढे ढकलता येते. कॉलेजच्या फॉर्मची येत नाही. आन कप ठिवला. आन गेले."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? बापानं पोरीला धाडली कॉलेजात."

आई उठली आणि दळण आणायला गेली. डबा घेऊन आली तेव्हा पीठ इतकं गरम होतं की मी डब्याचं झाकण काढून ठेवलं. तिने वडिलांना समोर बसवलं आणि प्रोफेसर काय म्हणाले ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. पहिल्या वेळी वडिलांना ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळी आलं. तोवर ते वाक्य चक्कीपर्यंत पोचलं होतं.

"कोण बोलला?" वडिलांनी विचारलं.

"तो सरळ चपला लावणारा."

वडील विचारात पडले. त्या माणसाचं बोलणं त्यांना खोटं पाडवेना. संध्याकाळी पाहुणे आले. आईने त्यांना भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं आणि पोरीला शिकायचंय म्हणून सांगितलं. पाहुण्यांनी जेवून नाराजी दाखवली. आधी दाखवली असती तर भाकऱ्या वाचल्या असत्या, असं आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची.

तर माझ्या घरात माझं शिक्षण टीव्हीवरच्या एका पाहुण्याने ठरवलं. मी हे लपवलं नाही. ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकल्या, त्यांना याचं हसू येतं. येऊ दे. त्यांच्याकडे सांगायला आजोबा होते, आमच्याकडे मुकुंदराव होते.

वर्षं गेली. चाळीच्या जागी इमारत झाली. वडील गेले. मी याच पट्ट्यात एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. ज्या ड्रमवरचं आईला वाचता येत नव्हतं, त्या ड्रममधला माल मी तपासते. आई माझ्याकडे असते. मामा आमच्याच इमारतीत तळमजल्याला एकटे राहतात. मामी मी शाळेत असतानाच गेल्या. एक मुलगी आहे, सुमन, गावाकडे दिलेली. ती येत नाही. दिवाळीला मामा फोन लावतात, ती उचलते, "बरं आहे" म्हणते आणि ठेवते.

मग मोबाइल आले आणि मामांसारखी आणखी माणसं आहेत असं कळलं. पालघरचे सावे सर म्हणून निवृत्त मास्तर, त्यांनी मुकुंदराव प्रेमी मंडळ काढलं. मुकुंदराव खोटं बोलायच्या आधी चष्मा काढतात, हे सरांनी शोधलं. न्यायाधीशाच्या भागात ते खुर्चीच्या काठावरच बसतात, कारण आता निवाडा त्यांच्या हातात नाही, हे दुसऱ्या कोणी. अशा एकेका बारकाव्यावर ही मोठमोठी माणसं तासभर भांडायची. मामांना सगळ्यात मान होता. त्यांनी सगळे भाग पहिल्यांदा लागले तेव्हाच बघितलेले. जुने भाग कुठे मिळत नव्हते, तेव्हा मामा सांगतील तो मुकुंदराव. त्यांची वाक्यं गुलाबाच्या चित्रावर छापून सकाळी सकाळी ग्रुपवर फिरायची. फॉर्मचं वाक्य तर इतकं फिरलं, की ते मलाच तीन जणांनी शुभेच्छा म्हणून पाठवलं.

या वर्षी मुकुंदराव वारले. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तिथेही पाहुणेच. मंडळाने पालघरला एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सावे सरांना कुठूनशी जुनी टेप मिळाली होती, प्रोफेसरच्या भागाची. ती मोठ्या पडद्यावर दाखवायची, आधी मामांनी बोलायचं, असं ठरलं.

मामा म्हणाले, "त्यो भाग नका दावू."

"का हो?"

"गार्डाचा दावा. गार्डाचा चांगला हाय."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रडू येईल म्हणून नको म्हणतोय. सर म्हणाले, "मामा, रडा की. त्यासाठीच सभा आहे."

आम्ही तिघे गेलो. मी, आई आणि मामा. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉलमध्ये पडद्याच्या वर बॅनर लावलेला. मुकुंदरावांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, लग्नाची तारीख पुढे ढकलता येते, कॉलेजच्या फॉर्मची येत नाही. मामांनी तो वाचला आणि आईच्या शेजारी, भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. बोलायला बोलावलं तर म्हणाले, घसा बसलाय.

टेप लागली. चपला सरळ. चहा. बाप म्हणाला, "साहेब, पोरीचं लग्न ठरलंय." प्रोफेसरांनी कप उचलला. या वेळी लाइट गेली नाही. पालघरला हल्ली जात नाही.

प्रोफेसरांनी मुलीकडे बघितलं. मग कपाकडे. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बरं. पत्रिका पाठवा." कप ठेवला आणि गेले.

पुढच्या दृश्यात मुलगी हळदीला बसलेली होती.

मी अजूनही सांगते, काम उत्तम होतं. एका "बरं"मध्ये त्या माणसाने पांढरपेशा भित्रेपणा सगळाच्या सगळा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग एकेकाची नजर पडद्यावरून वर बॅनरकडे गेली. आधी कोणीतरी खाकरलं. मग हसू फुटलं.

सावे सर माइकवर म्हणाले, "मामा, तुमचा प्रोफेसर वेगळ्या कॉलेजातला दिसतो."

हॉल हसला. मागून एकजण म्हणाला, "मामांचं वेगळं चॅनल होतं." दुसरा म्हणाला, "गार्डाच्या भागात गाडी तरी होती का हो?" इथवर ठीक होतं. पण सरांचा चेहरा बदलला. बॅनरवर छापून आलेला खोटेपणा त्यांना बोचला असावा. ते म्हणाले, "हे बघा, विनोद वेगळा. पण एवढ्या मोठ्या कलावंताच्या तोंडी आपले शब्द घालायचे, ही त्याची सेवा नाही. इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो, कोण जाणे. यापुढे मंडळात जे पडद्यावर आहे तेवढंच."

कोणी मामांची बाजू घेतली नाही. ज्यांनी ती वाक्यं सकाळी सकाळी जगाला पाठवली होती, त्यांनीही नाही. आणि मीही नाही. ज्या वाक्यावर मी उभी होते, ते बोललंच गेलं नव्हतं. दोन कार्यकर्ते स्टुलावर चढून बॅनर सोडवू लागले. मामा उठले. चहाची कपबशी आली होती, तिला हात लावला नाही. "येतो," म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही.

बोईसरला परत येताना रिक्षात आम्ही तिघे दाटीने बसलो. उमरोळी गाव मागे पडलं. मी म्हटलं, "मामा, प्रोफेसर तसं बोलले नव्हते."

"लाइट गेलती," मामा म्हणाले.

"पण तुम्ही आदल्या दिवशी क्लबात बघितला होता ना भाग?"

"लाइट गेलती."

आई रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "लाइट नव्हती गेली. पीठ गरम होता."

मी तिच्याकडे वळले.

"चक्की चालू होती," आई म्हणाली. "डबा हातात घेतला तवाच मला समजला. चक्कीला लाइट हाय आन आपल्याला नाय, असा कसा? फ्यूज मामांच्या टीव्हीमागंच होता." मग पदर सारखा करून, "म्हटला, बरा केला."

"तुला माहीत होतं?"

"मग काय मी टीव्हीचा ऐकून तुला शिकवली?" आईने माझ्याकडे प्रथमच बघितलं. "तुझ्या बापाला कोणाचा तरी नाव सांगायला पायजे होता. माझा त्यानं ऐकला नसता. मामांचा पण नाय."

मामा समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत होते. आई त्यांच्याकडे वाकली. मामी तिच्याबरोबर ड्रमवर होत्या, हे मी विसरले होते. बायका ड्रम धुताना सगळं बोलतात.

"सुमनच्या वेळी शाळेचे मास्तर आलते ना घरी," आई म्हणाली. "पैली आलती ती वर्गात. चहा घेऊन बसले. तुमी म्हनलात, लगीन ठरलाय. ते बरं म्हनले आन गेले."

मामांच्या हातांनी मांडीवर काहीतरी धरलं होतं. बघितलं तर काही नव्हतं. बोटं फक्त बशीएवढी उघडी होती.

"तवा पन लाइट गेलती," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी चहा केला. मामांनी कप घेतला, बशी खाली नीट धरली. सुमनच्या मुलीचंही गेल्या वैशाखात उरकलं, एवढं त्यांनी सांगितलं. बारावीला होती. पत्रिका आली होती म्हणाले. साय धरली तसा कप ठेवला, उठले, दाराशी चपला घातल्या आणि मागे न बघता जिना उतरले.

मंडळाचा ग्रुप चालू आहे. मामा त्यात नाहीत. पडद्यावर आहे तेवढंच तिथे असतं. वाणगावच्या त्या पाहुण्यांना आईने भाकरी वाढून परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पालघरला जाऊन फॉर्म भरला. मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरात पहिली.